घर कुणाचे, काम कुणाचे

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि 'वर्क फ्रॉम होम' हा शब्दप्रयोग मराठी घरांत रुळला. जणू घरात बसून काम करण्याची पद्धत त्याच वर्षी शोधली गेली, अशा थाटात त्याच्यावर लेख आले, चर्चा झाल्या, घरात टेबल कुठे मांडावे याचे सल्ले दिले गेले. वाचकहो, ज्यांच्या घरात मागच्या तीन पिढ्या बिडीचे सूप मांडीवर घेऊन बसल्या, ज्यांच्या आजोबांचा माग घरातल्याच खड्ड्यात होता, त्यांना या नवलाईचे हसू आले असेल. कष्टकऱ्यांसाठी घर हे नेहमीच कारखान्याचे एक टोक होते. त्या टोकाचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहिला नाही. कारखान्याला हजेरीपट असतो, संपाची तारीख असते, फाटकावर मालकाचे नाव असते. घराला यातले काही नसते.

हा इतिहास पाहायचा तर डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांकडे जावे, असे मी सुचवीन. आज ते पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे. मुंबईपासून रेल्वेने दोन-तीन तासांच्या अंतरावरचा हा प्रदेश. येथे घरातल्या कामाचा प्रश्न अगदी मुळापासून समोर येतो. कारण येथील माणसाला घरी बसून काम करण्याआधी आणखी एक गोष्ट मिळवावी लागली, ती म्हणजे घर.

वारल्याची झोपडी कारवीच्या कुडाची, माती-शेणाने लिंपलेली. ती तो स्वतःच्या हाताने बांधी. पण ज्या जमिनीवर ती उभी असे ती जमीनदाराची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमलात जमिनीची मोजणी झाली, कागद झाले, सावकाराच्या वह्या आल्या आणि ज्यांना कागद वाचता येत नव्हता त्यांच्या हातून जमीन गेली. जंगल आधीच सरकारचे झाले होते. उरला तो कुळाचा किंवा गड्याचा दर्जा. जमीनदाराने बोलावले की निघायचे, मग स्वतःच्या खाचरातला भात पिकून पडलेला असो की घरात बाळंतीण असो. याला वेठ म्हणत. वेठ पुरुषाची आणि बाईचीही. गवत कापायचे, लाकूड वाहायचे, मालकाचा गोठा काढायचा, त्याच्या घरचे भात सडायचे. म्हणजे वारली बाईलाही 'घरातले काम' होतेच, फक्त ते घर तिचे नव्हते.

डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची सरकारसाठी पाहणी केली. त्याच्या अहवालात वेठीबरोबर आणखी एका प्रथेची नोंद आहे. तिचे नाव लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे, कारण हिशेब सावकाराच्या वहीत असे. नवऱ्याबरोबर नवी नवरीही त्याच दावणीला बांधली जाई.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. याच लग्नात झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. सवाशिणी तो लिहीत, मध्ये पालघट देवी बसवीत, आणि धवलेरी नावाची लग्न लावणारी बाई त्यासमोर गाणी म्हणे. जगभर आज जे वारली चित्र म्हणून ओळखले जाते त्याचे मूळ या चौकात आहे. ते घरातले काम होते, बायकांचे काम होते आणि त्याला मोल नव्हते. त्याच मांडवाचा खर्च ज्या कर्जातून होई त्या कर्जाने नवरा-नवरी दुसऱ्याच्या घरी राबायला जात. चित्रकलेवरच्या देखण्या पुस्तकांत चौक सापडतो. लग्नगडी सापडतो तो चळवळीच्या पुस्तकांत आणि सरकारी अहवालात. दोन्ही एकाच झोपडीतले आहेत, हे सहसा कुणी एकत्र वाचत नाही.

हे जमीनदार-सावकार कोण होते? गुजराती वाणी होते, मारवाडी होते, पारशी-इराणी होते, ब्राह्मण होते आणि काही मुसलमानही होते. आपल्या वार्षिकांतून आपण आपल्यावर झालेल्या अन्यायाचे लिहितो, ते लिहायलाच हवे. पण शोषण करणाऱ्यांची यादी करताना आपलीच नावे गाळली तर तो इतिहास राहत नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तेथे झरी गावचा माह्या धांगडा हा वारली व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या लोकांची दैना त्याने सांगितली. शामराव आणि गोदावरी परुळेकर नंतर या पाड्यांत येऊन राहिले. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची परिषद झाली. तलासरीचा हा भाग तेव्हा उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली द्विभाषिक राज्य मोडले तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. झरीच्या परिषदेतल्या मागण्या साध्या होत्या. वेठ करायची नाही. दिवसाला बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. लग्नगड्यांनी घरी परतायचे.

या शेवटच्या गोष्टीकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. कामगार चळवळीच्या इतिहासात आपण कामगाराला घराबाहेर पडताना पाहतो. तो गिरणीत जातो, संघटित होतो, मोर्चा काढतो. डहाणू-तलासरीत चळवळीची पहिली मोठी कमाई ही की माणसे घरी आली. मालकाच्या गोठ्यातून निघून लग्नगडी आपल्या बायकोसह आपल्या पाड्यावर आला. आपल्या भाताची कापणी आधी आणि मालकाची नंतर, हे ठरवण्याचा अधिकार त्याला मिळाला.

पावसाळा संपताच गवतकापणीचा संप झाला. येथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई, तो मोठा व्यापार होता. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे सभा असल्याची अफवा पसरली आणि हजारो वारली जमले. त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. गोदावरीबाईंनी हे सगळे पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या तरुण लेखकांनी ते वाचले नसेल तर आधी ते वाचावे, हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

त्याच १९४५ साली, त्याच तालुक्याच्या समुद्राकडच्या बाजूला, बोर्डी गावात आणखी एक घटना घडली. ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण या दोघींना लवकरच कळले. मुले कामावर होती. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखत होती आणि मुलगा गुरे चारायला गेला होता. आई-बाप मजुरीला बाहेर पडायचे तर घर सांभाळण्याचे काम कुणी तरी करायलाच हवे. म्हणून शाळाच घराच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी कुरणावर गेली, ती कुरणशाळा. आज देशभर सरकारी पाट्यांवर असलेला 'अंगणवाडी' हा शब्द बोर्डी-कोसबादच्या या प्रयोगातून पुढे आला. घर हे कामाचे ठिकाण आहे, लहान मुलांसाठीसुद्धा, हे मान्य केल्याशिवाय तो शब्द सुचला नसता.

आता थोडे दक्षिणेकडे, त्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीकडे वळू. कारण ही कथा एकट्या वारल्यांची नाही, आणि आपल्या वाचकांपैकी अनेकांची घरे या दुसऱ्या कथेत आहेत. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. मालेगाव, धुळे, भिवंडी येथे ती स्थिरावली. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, वर माग. घरातच झोपायचे, घरातच विणायचे. विणकर म्हणून नाव पुरुषाचे. पण सुताला खळ लावणे, कांड्या भरणे, ताणा लावायला हात देणे, हे बायका-मुलांचे काम होते. साडी बाजारात गेली की तिच्या किमतीत हे हात धरलेले असत, हिशेबात नसत. १९३०च्या दशकापासून भिवंडीत यंत्रमाग आले. घरातला माग हळूहळू शेडमध्ये गेला आणि पुष्कळ विणकर दुसऱ्याच्या मागावर पाळी करू लागले. ज्यांनी घरातच दोन-चार यंत्रमाग बसवले त्यांना मालक म्हणू लागले. पण सूत देणारा एक, कापड घेणारा तोच, भाव सांगणाराही तोच. अशा मालकाला मालक म्हणावे की मजूर? त्याच्याकडे घर होते, एवढाच फरक.

बिडीचे तसेच. सोलापुरात पद्मशाली बायका, निपाणीत मुसलमान आणि दलित बायका, सिन्नर-संगमनेरकडे आणखी कुणी. पाने आणि तंबाखू कारखान्यातून मोजून आणायचा, घरी बिड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने परत द्यायच्या. देताना कारखान्यातला माणूस बोटांनी बिड्या चाळतो आणि बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि पुष्कळदा छाटलेली बिडीही परत मिळत नाही. ज्यांच्या घरात हे काम झाले त्यांना छाट हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मुसलमान बाईच्या घरकामाबद्दल एक सोयीचे उत्तर तयार असते. ती पडद्यामुळे घरी काम करते, तिला तेच बरे वाटते. नोव्हेंबर २००६ मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करतात, आणि सर्व समाजांतील कामकरी स्त्रियांचे हे प्रमाण ५१ टक्के आहे, असे त्यात नोंदले आहे. आकड्यातला फरक मोठा आहे. त्याचे कारण पडदा आहे असे म्हणणाऱ्याने वारली बाईकडे पाहावे. तिला पडदा नाही. ती बाजारात जाते, शेतावर जाते, वीटभट्टीवर जाते. तरी घरात बसून केलेल्या तिच्या कामाला बाजार तितकाच कमी भाव देतो. ५१ टक्के हा आकडाही काही लहान नाही. पडदा हे भाव पाडण्याचे एक निमित्त आहे. ज्या समाजात पडदा नाही तेथे दुसरे निमित्त मिळते: हे तिचे रिकाम्या वेळेचे काम आहे, ही तर कला आहे, हे परंपरेने चालत आले आहे. आपल्यातल्या काही जाणत्या मंडळींनाही पडद्याचे उत्तर आवडते, कारण त्यात ठेकेदाराला काही विचारावे लागत नाही. बरकत घरात बसून येते, असे सांगणाऱ्याने हजार बिड्यांचा दर कधी तरी विचारावा.

पुन्हा डहाणूकडे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी हे चित्रकार येथे आले. भिंतीवरचे चौक कागदावर उतरावेत असा हेतू होता. त्यांनी बायकांना कागद आणि रंग दिले. पण सर्वांत पुढे गेला तो गंजाड गावच्या कळंबीपाड्याचा एक पुरुष, जिव्या सोमा म्हशे. भिंतीवरच्या चौकाचे नियम ठरलेले होते. म्हशे यांनी कागदावर जाळे फेकणारा कोळी, मुंग्यांची वारुळे, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच आणला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते वारले. त्यांच्या रेषेच्या थोरवीबद्दल वाद नाही. इतिहासाने मात्र दुसरीही नोंद ठेवायला हवी. भिंतीवरून चित्र कागदावर आले, कागदाला किंमत आली, आणि बायकांचे काम पुरुषांच्या हातात गेले. आज डहाणू-तलासरीच्या पाड्यांत अनेक घरांत कापडावर, ट्रेवर, पणत्यांवर वारली चित्रे रंगवली जातात. त्यांत बायकाही आहेत, मुलीही आहेत. सही मात्र बहुधा घरातल्या पुरुषाची, किंवा कुणाचीच नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाची चोरी अडवता येते. एका पणतीमागे किती पैसे, हे ते ठरवत नाही.

म्हशे यांची एक हकीकत आहे, ती मला त्यांच्या कोणत्याही चित्राइतकी महत्त्वाची वाटते. १९७६ चा पुरस्कार राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्या हस्ते देण्यात आला. तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर म्हशे यांनी जमीन मागितली. गॅलरी मागितली नाही, रंग मागितले नाहीत. कसायला जमीन. आश्वासन मिळाले. ते पुरे व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. योगायोग असा की त्याच १९७६ साली वेठबिगार पद्धती (उच्चाटन) अधिनियम संमत झाला. जो जगभर घरबसल्या काम करणारा कलावंत म्हणून ओळखला गेला, त्याला आपण काम करतो ते घर आणि त्याभोवतीची जमीन आपली नाही, हे ठाऊक होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर या तालुक्यांत हजारोंनी दावे केले, त्यामागेही हीच भूक आहे.

समुद्राकडची घरे वेगळी. चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू या पट्ट्यात दोन कामे घराला चिकटून आहेत. एक मासळी सुकवण्याचे. कोळिणी घराजवळ वलांडी उभारून त्यावर बोंबील टांगतात, दिवसभर उन्हाकडे आणि कावळ्यांकडे लक्ष ठेवतात. दुसरे काम बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. ते म्हणजे डायमेकिंग. सोन्याचे पोकळ दागिने बनवताना पातळ पत्रा पोलादी ठशावर दाबून नक्षी उठवतात. तो ठसा म्हणजे डाय. पोलादाचा ठोकळा पुढ्यात घ्यायचा आणि छिन्नी-हातोडीने त्यात उलटी नक्षी कोरायची. फूल वर उठायचे असेल तर येथे खोल जायला हवे. हे काम घराच्या ओटीवर, पडवीत, मागच्या खोलीत चालते. बाप करतो, मुलगा शेजारी बसून शिकतो. डोळे आणि मान यांवर सगळा भार. तयार डाय मुंबईच्या झवेरी बाजारात आणि इतर शहरांच्या सराफी पेढ्यांकडे जातो. त्यातून उठलेला दागिना कुणाच्या तरी लग्नात झळकतो. डाय कोरणाऱ्याला तो पुन्हा दिसत नाही. संगणकावर चालणारी यंत्रे आली तेव्हापासून हातकामाची मागणी घटली आहे. तरी हा धंदा या गावांत टिकून आहे.

टिकण्याला एक बाहेरचे कारणही आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जागा, आणि तालुक्याच्या सभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखीव, अशी बंधने आली. औष्णिक वीज प्रकल्पाला त्याआधीच परवानगी मिळालेली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. मोठे कारखाने येथे फारसे येऊ शकले नाहीत. फुग्यांचे छोटे कारखाने, चिकूच्या वाड्या आणि घरांतली ही कामे राहिली. चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूच्या चकत्या वाळवून, भुकटी करून विकण्याचा नवा घरगुती उद्योग बचत गटांनी धरला. तलासरीच्या बाजूला मात्र बंधनांचा दुसरा परिणाम दिसतो. पाड्यांवर काम नाही म्हणून माणसे पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जातात. कागदावर सीमा १९६० साली आखली गेली. रोजी तिला मानत नाही.

वाढवण हे गाव वरोरच्या शेजारचे. तेथे बंदर बांधण्याचा प्रस्ताव १९९८ साली याच प्राधिकरणाने फेटाळला होता. पुढे तो नव्या रूपात आला. ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्याला ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. विरोध करणाऱ्यांत मच्छीमार होते, बागायतदार होते आणि डायमेकरही होते. मच्छीमाराला आपले नुकसान सांगता येते. त्याच्याकडे बोटीचा परवाना असतो, सोसायटीचे खाते असते. बागायतदाराकडे सातबारा असतो. डायमेकर काय दाखवणार? पडवीतला ठोकळा आणि छिन्नी. कारखाना असता तर त्याला परवाना क्रमांक असता. बंदर हवे की नको यावर मते निराळी असू शकतात. पण मोजणीला येणाऱ्या माणसाला घर दिसते आणि घरातले काम दिसत नाही, हा प्रश्न बंदराच्या बाजूने असलेल्यांनीही टाळण्यासारखा नाही.

कायद्याने या न दिसणाऱ्या कामाला एकदा तरी नीट पाहिले आहे, आणि ते बिडीच्या बाबतीत. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणाऱ्या बाईला कामगार म्हटले. कारखानदार न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की मधला ठेकेदार तिचा मालक, आमचा तिच्याशी संबंध नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा ग्राह्य ठरवला: ज्याच्या नावाच्या छापाने बिडी विकली जाते तोच मुख्य मालक, मध्ये कितीही ठेकेदार असोत. पुढे भविष्य निर्वाह निधीचा वाद आला. कारखानदार म्हणाले, ती तिच्या घरी बसून, तिच्या वेळेने काम करते, तिच्यावर आमची देखरेख कुठे आहे? १९८५ च्या निकालात न्यायालयाने देखरेख दाखवून दिली. खराब बिडी नाकारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, हीच देखरेख. म्हणजे छाट. जी गोष्ट पिढ्यान्पिढ्या बायकांना खाली मान घालून सोसावी लागली, तीच त्या नोकर आहेत याचा पुरावा ठरली. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी बायकांच्या पेन्शनच्या कागदामागे हा निकाल आहे आणि त्यांना तो ठाऊक नाही.

बिडीपलीकडे ही दृष्टी फारशी गेली नाही. अहमदाबादेत इला भट यांनी १९७२ साली सेवा ही संघटना उभी केली, आणि तिच्यासारख्या संघटनांच्या रेट्यातून १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्यावर शिक्कामोर्तब केलेले नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरी बसून काम करणाऱ्याची व्याख्या आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. १९६६ चा बिडी कायदा त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संहितेत विलीन झाला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. व्याख्येत माणूस आला की त्याला कार्ड मिळू शकते. भाव मिळण्यासाठी समोर मालक उभा करावा लागतो.

बिडीच्या बाबतीत तो उभा करता आला, कारण पुड्यावर छाप असतो. गंजाडच्या पाड्यावर रंगवलेल्या ट्रेवर कुणाचा छाप नसतो. शहरातल्या दुकानात गेल्यावर त्याच्यावर दुकानाची चिठ्ठी चिकटते. वरोरच्या डायमधून उठलेल्या बांगडीवर हॉलमार्क असतो, त्यात सोने किती कॅरेटचे ते लिहिलेले असते.